कप्तानीण बाईंचा कालचा स्वयंपाक

कप्तानीण बाई मला आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते. दूर गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायची एक रीत आहे, आणि ती मला या बाईंच्या बाबतीत पाळता येणार नाही. त्यांनाही मी आवडत नव्हते. तेवढ्या एका गोष्टीत आमचं जमत होतं.

त्यांचं नाव कमल. पण गोंदियात त्यांना नावानं हाक मारणारे एकटे त्यांचे यजमान. ते लढाईत पलटणीचे डॉक्टर म्हणून इटलीला जाऊन आले होते. लढाई संपून सात-आठ वर्षं झाली, पलटण सुटली, तरी गावानं त्यांना कॅप्टनसाहेबच ठेवलं आणि बाईंना कप्तानीण केलं. आमच्या घराचा पुढचा भाग बाबांनी त्यांना भाड्यानं दिला होता. पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना, मागे त्यांचं बिऱ्हाड, मग आमचं दोघांचं मिळून अंगण, आणि पलीकडे आम्ही. अंगणात एक विहीर होती, आणि विहिरीवर भांडणं.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटातून शिकून नुकतीच घरी आले होते. बोलायची सवय नव्हती. शाळेत मराठी बोललं तर शिक्षा व्हायची आणि घरी इंग्रजी बोललं तर हसायचे, त्यामुळे गप्प राहणं मला सोयीचं पडे. बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विहिरीशी बादली घेऊन उभी होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले. मी मान हलवली.

"तुझ्या त्या शाळेत तोंड उघडायची फी वेगळी होती का?" त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनी ती भरलेली दिसत नाही."

फुलाबाई तिथेच भांडी घासत होती. ती तिरोड्याकडची, दोन्ही घरी काम करायची. ती खो खो हसली आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य चार घरी पोचलं.

बाई मूळच्या तिकडच्या, पुण्याकडच्या. उंच, हाडकुळ्या, पदर नेहमी खोचलेला. त्यांचं घड्याळ मनगटावर आतल्या बाजूला असे, त्यामुळे त्या वेळ बघत तेव्हा समोरच्याला आपला तळहात दाखवून थांबवल्यासारखं वाटे. कुणी आपल्या घरातून काही गरम पाठवलं तर त्या ते झाकून बाजूला ठेवत. संक्रांतीला आईनं तव्यावरच्या तिळाच्या पोळ्या माझ्याबरोबर पाठवल्या. बाईंनी ताट घेतलं, वर दुसरं ताट पालथं घातलं आणि म्हणाल्या, "उद्या खाईन. आज पोळीला नुसती आग लागते, चव उद्या लागते." मी हे आईला सांगितलं नाही. फुलाबाईनं सांगितलं.

त्यांचा सगळा स्वयंपाक आदल्या दिवशीचा असे. रोजचा नव्हे, पाहुण्यांचा. महिन्या-दोन महिन्यांनी त्या कुणाला तरी जेवायला बोलावत. रेल्वेतला एखादा साहेब, शाळेचे हेडमास्तर, असे कुणी. आणि जेवण इटलीचं. इटली त्यांनी नकाशात पाहिली होती तेवढीच. कॅप्टनसाहेबांना आठवेल ते त्या विचारून घेत आणि वहीत लिहीत. त्यांना आठवे थोडंच. "मैद्याच्या पट्ट्या असायच्या ना, कमल, रुंद. एकावर एक." एवढ्यावरून त्या पट्ट्या जमेपर्यंत बाईंनी वर्षभर मैदा वाया घालवला, असं फुलाबाई सांगायची.

पट्ट्या त्या अंगणात खाटेवर वाळवत. आपल्याकडे शेवया वाळवतात तशाच, धोतर अंथरून. पण त्यात अंडं असे.

"बाई, शेवया पिवळ्या काऊन जी?" फुलाबाईनं विचारलं.

"अंडं आहे त्यात."

"अगा माय! मंग खाटेले काऊन विटाळता? आता हे खाट कोन घेईन?"

"तुला कोणी देतंय का खाट?"

आमची आई हे पडवीतून ऐकत होती. तिनं ती खाट पुन्हा कधी आपल्या बाजूला येऊ दिली नाही. पण खरं भांडण झालं ते सब्जावरून. टोमॅटोच्या रश्शात घालायला बाईंनी विहिरीच्या कडेला सब्जाची, तुळशीसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या वासाची, झाडं लावली होती. फुलाबाई टोमॅटोला भेदरं म्हणायची, आणि एका सकाळी ती धावत आमच्याकडे आली: "बाईसाहेब, कप्तानीण बाई भेदऱ्यात तुळस चिरून राहिली!"

आई तशीच गेली. मीही मागून गेले, कारण मला बघायचं होतं.

"तुळशीची पानं जेवणात घालता?" आईनं विचारलं. "आमच्या अंगणात?"

बाईंनी सुरी खाली ठेवली नाही. एक पान आईच्या नाकाशी धरलं. "वास घ्या. वास येतो ना? मग ही तुळस आहे का, सांगा. तुम्ही रोज पूजा करता ना तिची? ओळखत नाही?"

आईला ओळखता आलं होतं. तिचा चेहरा मी पाहिला. पण माघार घेणं तिला जमेना आणि माघार घेऊ देणं बाईंना जमेना. त्या दिवसापासून विहिरीच्या वेळा ठरल्या. सकाळ आमची, दुपार त्यांची.

तरीही मी त्यांच्याकडे जात असे. त्या बोलावत म्हणून. आमंत्रणाच्या चिठ्ठ्या इंग्रजीत लिहायच्या असत आणि माझं अक्षर चांगलं होतं. त्या मला कधी खुर्ची देत नसत. मी उभ्यानं, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहीत असे. आणि लिहिता लिहिता सगळं बघत असे. ऑलिव्हचं तेल दवाखान्यातल्या कपाटातून येई. लहान मुलांच्या मालिशीसाठी छोट्या बाटल्यांत मिळतं तेच. चीजऐवजी स्टेशनाजवळच्या बंगाली मिठाईवाल्याकडचा छेना. भट्टी म्हणजे पत्र्याचा डबा, खाली शेगडी आणि वर झाकणावर निखारे. पट्ट्यांचा एक थर, रश्शाचा एक, छेन्याचा एक, असे थर लावून बाई तो डबा भाजत, मग ओल्या वाळूच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाकत, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कुणाला हात लावू देत नसत. पाहुणे यायच्या आधी निखाऱ्यांवर जरासा कोमट, बस.

मग त्या न्हाऊन, घडीची साडी नेसून, टेबलाशी बसत. पाहुण्यांबरोबर. पुरुषांबरोबर. गावाला न पचणारी गोष्ट ती होती. अंडं नव्हे, तुळस नव्हे. बाई जेवायला बसली, मग वाढायचं कुणी? डबा मधे ठेवलेला असे आणि ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं. हेडमास्तरांच्या बायकोनं बाहेर सांगितलं, "अहो, जेवायला बोलावलं होतं की काय, कळलंच नाही. कोणी आग्रहसुद्धा केला नाही."

बाईंचं यावर एकच वाक्य असे आणि ते त्या इतक्यांदा म्हणत की मला पाठ झालं होतं: "पाहुणे आल्यावर जी चुलीशी असते ती त्या घरची स्वयंपाकीण. यजमानीण नव्हे."

त्या हिवाळ्यात भात निघाल्यावर मिलवाल्या सेठजींनी बाळंतिणींसाठी दवाखाना बांधायला घेतला. त्यावर डॉक्टर कोण नेमायचा, हे सेठजींच्या मनावर होतं. कॅप्टनसाहेबांना ती जागा हवी होती. पुढच्या खोलीतला दवाखाना काही चालत नव्हता. गावातले लोक त्यांना मानत, पण औषधाला दुसरीकडे जात. बाईंना ती जागा त्यांच्याहून जास्त हवी होती. त्यांनी सेठजींना जेवायला बोलावलं, सेठाणींसह.

"पुरी-भाजी कर, कमल," कॅप्टनसाहेब म्हणाले होते. हे मी खिडकीशी उभी असताना ऐकलं. "ती माणसं साधी आहेत."

"साधी आहेत म्हणून काय चुलीशी उभी राहू?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

ते दवाखान्यात निघून गेले. भांडणात त्यांची जागा नेहमी दवाखान्यातच असे.

बाईंनी त्या जेवणासाठी अंडं वगळलं, कांदा-लसूण वगळला. सेठजींकडे काय चालतं, काय नाही, हे फुलाबाईला पाठवून त्यांच्या स्वयंपाकिणीकडून विचारून घेतलं. वांग्याचे काप तळून तेला-व्हिनेगरात घालून ठेवले. छेन्याचं कॉफी घातलेलं गोड केलं. बुधवारी जेवण होतं, मंगळवारी दुपारपर्यंत सगळं तयार. मग त्यांनी मला बोलावलं आणि पहिल्यांदाच खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस. उद्या तूही जेवायला आहेस. एक माणूस कमी पडतं टेबलाला."

मी बसले. त्यांनी पाककृतींच्या वहीतून एक पत्र काढलं. पातळ निळसर कागद, घड्यांवर झिजलेला. इंग्रजीत.

"वाच. मोठ्यानं. तुमच्या त्या नन्स शिकवतात तसं."

ते कॅप्टनसाहेबांचं पत्र होतं, लढाईतलं. मराठी पत्र वाटेत तपासणीला अडकून पडतं म्हणून त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं. एका शेतकऱ्याच्या घरी त्यांच्या तुकडीला थंडीभर उतरवलं होतं. लिहिलं होतं की इथली घरधनीण कधी दमलेली दिसत नाही. सगळं आदल्या दिवशी करून ठेवते आणि रात्री सगळ्यांबरोबर टेबलाशी बसते, हसते, वाइन पिते. आपल्याकडच्या बायकांना बसायचं कसं ते माहीतच नाही. अशा बाईशेजारी बसून जेवलं की माणूस झाल्यासारखं वाटतं.

मी थांबले.

"तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "सासऱ्यांनी वाचून दाखवलं. मराठी करून, जेवणाच्या पंगतीत. अठरा माणसं बसली होती. मी आमटीचं पातेलं धरून उभी होते. शेवटचं वाक्य झाल्यावर सासरे म्हणाले, आता वाढ."

 मी पत्राची घडी घालायला लागले.

"उद्या मी बसणार," त्या म्हणाल्या. "काही झालं तरी उठणार नाही. शेवटपर्यंत. त्यांच्या शेजारी. तू बघशील." आणि पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "उच्चार बरे आहेत. आवाज मात्र मेलेल्या उंदरासारखा."

बुधवारी सेठजी आले, सेठाणी आल्या. सेठजी भले गृहस्थ, पोट पुढे, आवाज मोठा. सेठाणींच्या डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. त्यांना पुरुषांसमोर बसवलं म्हणून त्या आधीच आक्रसून गेल्या होत्या. कॅप्टनसाहेब बाईंच्या शेजारी. मी टोकाला.

बाईंनी डबा उघडला. वास खरोखर चांगला होता, हे मला मान्य करायला हवं. सेठजींनी चमच्यानं थर उचलला, बघितला, खाल्ला. "वा! ये क्या चीज है, डॉक्टरसाब? बाजूचं काही आहे का, रोटी वगैरे?"

"हेच जेवण आहे," बाई म्हणाल्या.

"हां, हां. अच्छा है." त्यांनी दुसरा घास घेतला. "थोडं गरम असतं तर..."

"गरम लागत नाही. हे काल केलंय. काल केलंय म्हणूनच चव आली आहे."

सेठाणींनी हात ताटावरून उचलला. तोपर्यंत त्यांनी काही तोंडात घातलं नव्हतं. पदराआडून त्या नवऱ्याला हळू म्हणाल्या, पण खोली लहान होती. "बासी है जी." मग ताट जरा नाकाशी नेऊन, "और तेल भी वो बच्चों की मालिश वाला."

सेठजींनी चमचा खाली ठेवला. त्यांना राग आला नव्हता. तेच जास्त वाईट होतं. त्यांना बाईंची कीव आली होती, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसत होती. पाहुण्याला शिळं वाढायची वेळ ज्याच्या घरावर आली, त्याच्याविषयी माणसाला जी कीव येते, ती.

"डॉक्टरसाब, तकलीफ कशाला करता," ते म्हणाले. "आम्ही तर निघणारच होतो. घरी जेवण आहेच."

"नाही, नाही, बसा सेठजी!" कॅप्टनसाहेब अर्धे उठले. मग बाईंकडे वळले आणि अगदी हळू, अगदी मायेनं म्हणाले, "कमल, चार पुऱ्या तळतेस का? पाच मिनिटांचं तर काम."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोर बघत म्हणाल्या, "मी जेवतेय."

कुणीच हललं नाही. सेठजी दाराकडे बघत होते. कॅप्टनसाहेबांचे हात टेबलावर होते. सगळी खोली त्या एका बाईच्या उठण्याची वाट बघत होती. मला ते सहन झालं नाही. चांगुलपणा वगैरे काही नव्हता. मला शांततेची सवय असली तरी ती दुसऱ्यांची असली की मला गुदमरतं.

मी उठले.

स्वयंपाकघरात कणीक मळायला घेतली. तूप कुठे असतं ते मला माहीत होतं. मागच्या दारातून फुलाबाई आली, तिनं न विचारता चूल फुंकली. "तू कायले तळून राहिली, नलूताई?" ती कुजबुजली.  पहिल्या पुरीला तुपाचा थेंब उडून मनगटावर पडला. आई अंगणापलीकडून ओरडली, "काय झालं गं?" आणि मग लोणच्याची बरणी घेऊन स्वतःच आली. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा त्या घरात आली होती.

पुऱ्या फुगल्या. सेठजी खूश झाले. "ये हुई ना बात! बेटी किसकी है?" सेठाणींनीही दोन घेतल्या. कॅप्टनसाहेबांनी थरांची ताटली हळूच बाजूला सारली आणि पुरी घेतली. मी वाढत होते, उभी. बाई मात्र बसल्या होत्या. काटा-चमच्यानं, घाई न करता त्यांनी आपलं सगळं संपवलं. मग डब्यातून पुन्हा घेतलं, तेही संपवलं. कुणाकडे पाहिलं नाही. वांग्याचे काप, छेन्याचं गोड, सगळं एकट्यानं.

पाहुणे जायला निघाले तेव्हा सेठजींनी कॅप्टनसाहेबांच्या खांद्यावर हात टाकला आणि अंगणात बराच वेळ बोलत उभे राहिले. जागा मिळाली, हे त्यांच्या परत येण्याच्या चालीवरून कळलं.

"कमल, झालं!" ते म्हणाले. "आणि नलिनी, तुझ्यामुळे..."

"पुऱ्या छान फुगल्या होत्या," बाई मला म्हणाल्या. "तुला उठायला कुणी सांगितलं होतं?"

"सगळे..." मी म्हणाले.

"सगळे काय? भुकेनं मरत होते?"

"कमल, मुलीला कशाला..."

"तुम्ही बोलू नका. तुम्हाला पुरी मिळाली."

 मग बाईंनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही तिथून पत्रात लिहिलं होतं, आठवतं?"

"कुठल्या पत्रात?" ते म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न करत होते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता वही काढतील, मला वाचायला लावतील. त्यांनी तसं केलं नाही. टेबलावरची चादर उचलली, घडी घातली. "मी त्यांना बसवलं असतं," त्या म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही. "किंवा जाऊ दिलं असतं. दोन्हींतलं काहीतरी झालं असतं. आता जा तू."

दुसऱ्या दिवशी अंगणातलं त्यांच्या बाजूचं दार बंद झालं. चिठ्ठ्या लिहायला मला पुन्हा बोलावणं आलं नाही. पुन्हा जेवणंही झाली नाहीत. दवाखाना तयार झाल्यावर ते तिकडच्या बंगल्यात राहायला गेले. जाताना आईला त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं लग्न लवकर जमेल. वाढण्यात तयार आहे." आईला ते कौतुक वाटलं. तिनं ते पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. मला आजही त्या वाक्याचा राग येतो, आणि लग्न लवकर जमलं याचाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना पाहिलं. आम्ही सासरची सगळी माणसं नागपुराहून बालाघाटला परत जात होतो. गोंदियाला उतरून छोट्या लाइनीची गाडी धरावी लागते आणि तिला दोन तास होते. बायकांच्या वेटिंग रूममध्ये आम्ही बसलो होतो. म्हणजे सासूबाई, दोन नणंदा आणि जाऊबाई बसल्या होत्या. मी टोपलीतल्या पुऱ्या काढून भाजीबरोबर सगळ्यांना देत होते.

कोपऱ्यातल्या टेबलाशी त्या होत्या. एकट्या. केस पांढरे झाले होते, घड्याळ मनगटाच्या आत तसंच. टेबलावर घडीचं फडकं अंथरलं होतं आणि पितळी डब्याच्या एका पुडात थर दिसत होते. लाल, पांढरा, लाल. काट्यानं एकेक घास उचलून त्या खात होत्या. वेटिंग रूमची आया जवळ जाऊन म्हणाली, "बाईजी, शेगडी है, गरम कर दूं?" त्यांनी तळहात दाखवला. मग घड्याळ पाहिलं.

मग मी त्यांना दिसले. हातात पुऱ्यांची चळत. त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली, तिथे तो डाग अजून आहे, तिथून पुन्हा वर आली.

"अजून उभीच?" त्या म्हणाल्या.

टेबलाशी दुसरी खुर्ची रिकामी होती. त्यांनी ती दाखवली नाही, मी मागितली नाही.

"सूनबाई, कोण गं त्या?" सासूबाईंनी विचारलं. "ओळखीच्या आहेत का?"

"नाही," मी म्हणाले. "आमचे जुने भाडेकरू." आणि सासूबाईंच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.